ही रांगोळी कुणाकडून?

मुलांनो, आज सकाळी शाळेला जाताना किंवा दूध आणायला खाली उतरताना तुम्ही किती रांगोळ्या ओलांडल्या? आठवून बघा बरं. एखादी तरी असेलच. शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यापाशी, देवळाच्या पायरीवर, नाहीतर वाण्याच्या दुकानासमोर. दुकान उघडलं, पाणी शिंपडलं, चिमटीने एक स्वस्तिक काढलं, त्यावर हळदकुंकू टाकलं आणि मगच पहिलं गिऱ्हाईक, असं अजून पुष्कळ ठिकाणी चालतं.

आता दुसरा प्रश्न. त्या रांगोळीत काय काढलं होतं? फूल होतं की कासव? किती पाकळ्या होत्या? हं! इथे गाडी अडली ना? माझ्या वर्गातही अडली. मी चौथीला शिकवतो. सगळ्या वर्गात चौघापाचांनाच सांगता आलं. बाकीचे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, ते मुलींचं काम आहे."

तर मुलग्यांनो, तुम्ही लगेच पान उलटू नका. तुमच्या या सरांना चांगल्या झुपकेदार मिशा आहेत आणि त्यांना पंधरा ठिपक्यांची रांगोळी येते. ती कुणी शिकवली ते पुढे सांगणारच आहे. आधी रांगोळी हातात तर घेऊ या.

रांगोळी म्हणजे पांढऱ्या दगडाची पूड. त्या दगडाला शिरगोळा म्हणतात. तो भाजायचा, कुटायचा, चाळायचा. कोकणात भाताची फोलपटं जाळून त्यांची पांढरी राख रांगोळीसाठी वापरायची पद्धत होती. ही पूड अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायची. हात जमिनीच्या दोन बोटं वर ठेवायचा आणि अंगठा अगदी हलकेच पुढे सरकवत राहायचं. पूड सुटते, रेघ उमटते. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! चिमूट फार दाबली तर पूड सुटतच नाही, सैल सोडली तर भसकन ढीग पडतो. हात पळवला तर रेघ तुटते, रेंगाळला तर ती सुरवंटासारखी फुगते. मनात धांदल असली की ती रेघेत उतरते. लपवता येत नाही.

वर्गात कधी कधी आम्ही मुलांना सांगतो, "डोळे मिटा, शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या." मग काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. निम्मा वर्ग एक डोळा किलकिला करून उरलेल्या निम्म्याकडे बघत असतो. रांगोळीत डोळे उघडेच ठेवावे लागतात. हाताला काम असतं आणि मनाला मोजायला ठिपके असतात. त्यामुळे भांडणं, गृहपाठ, कालची मॅच यांना आत शिरायला फटच सापडत नाही. 'शांत बस' असं कुणी म्हणावंही लागत नाही. मला वाटतं, शाळेच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं ठिपक्यांना द्यायला हरकत नाही. आमच्या वर्गात मी ती देतो. कुणी पाटीवर काढतं, कुणी वहीत, कुणी फरशीवर खडूने.

ठिपक्यांची एक खास भाषा आहे. रांगोळीच्या वहीत वर कोपऱ्यात लिहिलेलं असतं, '१५ ते ८' किंवा '७ ते १'. हा काही पाढा नाही. '७ ते १' म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके. मग वरच्या आणि खालच्या प्रत्येक ओळीत एकेक कमी, दोन्हीकडे शेवटी एक. हे ठिपके एकाखाली एक येत नाहीत. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत पुढच्या ओळीतला ठिपका येतो. आता एकूण ठिपके किती झाले? १, २, ३ करत सातापर्यंत चढा आणि पुन्हा एकपर्यंत उतरा. बेरीज ४९, म्हणजे सात साते. हा योगायोग नव्हे. ही आकृती कोपऱ्यावर उभा केलेला चौरसच आहे. पतंगासारखी मान तिरकी करून बघा, साताच्या सात ओळी दिसतील. '१५ ते ८' मध्ये मात्र वर आणि खाली आठ ठिपक्यांवर थांबायचं, त्यामुळे सहा कोपऱ्यांचा आकार तयार होतो. त्यातले ठिपके तुम्हीच मोजा. माझं उत्तर १६९ आहे.

हा १६९ आकडा आमच्या वर्गाने मोजला तो शाळेतल्या मावशींमुळे. मावशी म्हणजे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात त्या. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिलीच्या नव्या मुलांचं स्वागत असतं. फाटकाला आंब्याची पानं बांधलेली. मी आणि दोन मुली फाटकाशी पुस्तक उघडून, ठिपक्यांचा कागद अंथरून बसलो होतो. हा कागद म्हणजे पेटत्या उदबत्तीने ओळीने भोकं पाडलेला कागद. त्यावरून पूड फिरवली की खाली ठिपके पडतात. पण वारा सुटला, कागद हलला आणि ठिपके जोडीजोडीने दिसायला लागले. मावशी तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "सरा बाजूला. पोरं येत्याल आता."

त्यांनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि ठिपके द्यायला लागल्या. कागद नाही, पट्टी नाही. तोंडाने माझ्याशी खिचडीच्या डाळीचं बोलणं चालू होतं. पंधरा मिनिटांत फाटकासमोर एवढी मोठी '१५ ते ८' उभी राहिली. मग त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून दोन पावलं मागे गेल्या, क्षणभर बघितलं आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. कुणी 'छान' म्हणायची वाटसुद्धा बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गाने त्यांना 'पाहुण्या शिक्षिका' म्हणून बोलावलं. त्या काही केल्या येईनात. "मला काय येतंय गुरुजी? मी कुठं शाळा शिकलीया?" शेवटी वर्गच स्वयंपाकघराच्या पडवीत गेला. तिथे मात्र त्यांनी शिकवलं. म्हणजे 'शिकवलं' असं नाहीच. त्या काढत गेल्या आणि मुलं बघत गेली. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला पाच मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे पाऱ्याला चिमटीत धरणं. तो त्यांच्या कोपराशी सबंध अर्धा तास बसला होता. पूड संपत आली की वाटी पुढे करायचं काम त्याने न सांगता स्वतःकडे घेतलं.

एका मुलीने विचारलं, "मावशी, तुम्हाला ही कुणी शिकवली?"

"आमच्या आईचं हाय हे."

"आणि आईला?"

"तिला तिच्या जावंनं दावलं हुतं. ती मिरजंकडची. सून हून आली तवा संगट घिऊन आली."

"आणि त्या जावेला?"

मावशी थांबल्या. हातातली चिमूट तशीच राहिली. "आता ते कुणाला ठावं, बाळा?"

बघा हं. तीन माणसं मागे गेलो आणि वाट संपली. मावशी, त्यांची आई, आईची जाऊ. त्यापलीकडे नक्की कुणीतरी होतं. त्या कुणीतरी पहिल्यांदा आठ पाकळ्यांऐवजी सहा पाकळ्या काढून बघितल्या असतील, पुसल्या असतील, पुन्हा काढल्या असतील. तिचं नाव काय, गाव कोणतं, काही काही माहीत नाही. पण तिची रांगोळी आमच्या शाळेच्या फाटकासमोर होती आणि पहिलीतली पोरं नवं दप्तर सांभाळत ती चुकवून आत येत होती.

तेव्हापासून आमच्या वर्गात रांगोळीची एक वही आहे. एका पानावर एकच रांगोळी. कोपऱ्यात ठिपके किती ते लिहायचं, आणि खाली एक ओळ मोकळी ठेवायची. त्या ओळीचं नाव 'कुणाकडून'. ही कल्पना मुलांचीच. कुणी लिहिलं आहे 'आजीकडून', कुणी 'कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकूंकडून', एकाने लिहिलं आहे 'दिवाळीच्या पुस्तकातून, म्हणून नाव नाही'. आणि रांगोळी वहीत उतरवण्याआधी ती ज्यांच्याकडून घेतली त्यांना एकदा काढून दाखवायची, असा नियमही त्यांनीच केला. आभार मानायची ही तऱ्हा मला आवडली. नुसतं 'थँक्यू' म्हटलं की समोरच्याला 'बरं बरं' म्हणून पुढे जाता येतं. त्यांचीच रांगोळी त्यांच्या दारात काढली की त्यांना थांबावं लागतं.

मावशींच्या बाबतीत हे फार गमतीने घडलं. श्रावणात त्या तापाने आठ दिवस घरी होत्या. परत आल्या त्या दिवशी मुलांनी सकाळी लवकर येऊन स्वयंपाकघराच्या दारात '१५ ते ८' काढून ठेवली होती. सगळी पोरं भिंतीआड लपलेली. मावशी आल्या, थबकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून येतील, त्या काहीतरी गोड बोलतील, अशी आमची अपेक्षा. मावशी म्हणाल्या, "तिसऱ्या वळीत एक ठिपका खाली घसरलाय." आणि पिशवी खाली ठेवून तो नीट करायला बसल्या! तो पाऱ्यासारखा मुलगा भिंतीआडून धावत सुटला, वाटी घेऊन.

तुम्ही म्हणाल, एवढी वही कशाला? रांगोळी तर रोज दारात असतेच. असते, पण कालची नसते. सकाळी झाडू फिरतो आणि कालची रांगोळी केरात जाते. देवळातली मूर्ती हजार वर्षं टिकते, कागदावरचं चित्र शंभर वर्षं टिकतं, रांगोळी एक दिवस टिकते. तरीही ती फार जुनी आहे. आपल्याकडे चौसष्ट कलांची यादी सांगतात, तिच्यात तांदूळ आणि फुलांच्या रचना मांडण्याची कला आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात धूलिचित्र, म्हणजे पुडीचं चित्र, असा उल्लेख येतो. एवढी वर्षं ती राहिली कुठे? राहिली माणसांच्या बोटांत. आईच्या बोटांतून लेकीच्या, जावेच्या बोटांतून जावेच्या. शेजारणीने 'मला दाखव की' म्हटलं आणि हिने 'ये, बस' म्हटलं, म्हणून राहिली. ज्या घरात कुणी विचारलं नाही, त्या घरातली रांगोळी काढणाऱ्या बाईबरोबर गेली. मावशींना मुलगी नाही. त्यांची सून शहरात असते आणि दाराला चिकटवायची रांगोळी विकत आणते. त्यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. सकाळी सात बत्तीसची लोकल धरणाऱ्या माणसाने ठिपके कधी द्यायचे? पण मग मावशींची '१५ ते ८' कुठे जाणार होती?

आता जरा दक्षिणेकडे जाऊ. तमिळनाडूमध्ये रांगोळीला 'कोलम' म्हणतात. (बंगालमध्ये अल्पना, राजस्थानात मांडणा, गुजरातेत साथिया, आंध्रात मुग्गू. नावं पुष्कळ आहेत, हात तोच.) पहाटे दारात सडा टाकून बायका कोलम काढतात, आणि मूळ रीत तांदळाच्या पिठाने काढायची. का, माहीत आहे? मुंग्या, चिमण्या, खारी यांनी ते खावं म्हणून. दिवसाची सुरुवात दुसऱ्याला चार कण घालून करायची. म्हणजे तिथे रांगोळी पुसायला झाडू लागायच्या आधीच मुंग्यांची रांग येते. हल्ली तिकडेही बऱ्याच ठिकाणी दगडाची पूड वापरतात. मुंग्यांचं काय मत असेल, कोण जाणे! आपल्याकडेही पूजेला पिठाची रांगोळी काढतात, आणि पंगतीत ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची पद्धत आहे. जेवणाऱ्याला तोंडाने काही न सांगता 'तुम्ही आलात, बरं वाटलं' असं सांगणारी.

कोलमचा एक प्रकार फार चमत्कारिक आहे. त्यात ठिपके जोडत नाहीत. ठिपक्यांना न शिवता, त्यांच्या मधून, भोवतीने, वळसे घेत एकच रेघ फिरते आणि जिथून निघाली तिथे परत येऊन मिळते. या गुंतागुंतीने संगणकाच्या अभ्यासकांनाही भुरळ घातली. मद्रासमधले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला. भाषेला जसं व्याकरण असतं तसं चित्रालाही असतं का, हे त्यांनी कोलम घेऊन दाखवलं. त्या निबंधावर तिघांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. कोलमवर मात्र कुणाचंच नाव नाही.

अशी एकरेघी नक्षी तुम्हालाही जमेल. गणिताची चौकटींची वही घ्या. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठिपके द्यायचे, आडवे तीन आणि उभे दोन, असे एकूण सहा. दोन ठिपक्यांमध्ये दोन घरांचं अंतर ठेवा. आता या ठिपक्यांच्या बाहेर एक घर सोडून चारी बाजूंनी चौकट आखा. ही चौकट म्हणजे तुमचा कॅरमबोर्ड! डावीकडच्या खालच्या ठिपक्याच्या बरोबर खाली, चौकटीवर पेन्सिल टेकवा. तिथून घरांच्या कर्णाने तिरके उजवीकडे वर निघा. चौकटीला धडकलात की स्ट्रायकरसारखं उलट फिरायचं आणि पुन्हा तिरकं चालायचं. आधीची रेघ आडवी आली तर खुशाल ओलांडा, थांबू नका. दहा वेळा चौकटीला टेकून तुम्ही सुटलात तिथेच परत याल, आणि प्रत्येक ठिपका आपापल्या घरात बसलेला दिसेल. मग धडकांचे कोपरे गोल करा. झाली नक्षी.

आता आडवे चार, उभे दोन ठिपके घेऊन बघा. रेघ लवकरच परत येते आणि काही जागा रिकामी राहते. तिथे दुसरी रेघ लागते. तीन आणि तीनला तीन रेघा लागतात. पाच आणि सहाला एकच पुरते. सहा आणि नऊला किती लागतील? काढण्याआधी अंदाज करा. ज्यांना 'मसावि' शिकवला आहे त्यांनी गालातल्या गालात हसायला हरकत नाही. हो, तोच मसावि. दोन संख्यांचा मसावि जेवढा, तेवढ्या रेघा. 'हा मसावि आयुष्यात कुठे लागतो हो सर?' असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर मी राखून ठेवलं होतं. आफ्रिकेतल्या अंगोला देशातले चोक्वे लोकही वाळूत बोटांनी ठिपके देऊन, गोष्ट सांगता सांगता अशा रेघा काढत आले आहेत. त्या चित्रांना ते 'सोना' म्हणतात. मोझांबिकचे गणितज्ञ पाउलुस गेर्डेस (१९५२–२०१४) यांनी त्यांचं गणित उलगडून दाखवलं.

वाळूवरून आठवलं. एक भुताची गोष्ट सांगतो. प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला वनुआतू नावाचा देश आहे, सुमारे ऐंशी बेटांचा. तिथले लोक वाळूत, राखेत किंवा मातीत एका बोटाने, बोट न उचलता नक्षी काढतात. २००३ मध्ये युनेस्कोने या कलेला जगाच्या ठेव्याचा मान दिला. तिथल्या मालेकुला बेटावर एक समजूत होती. माणूस मेला की त्याचा आत्मा मृतांच्या गावाकडे निघतो. वाटेवर एक राक्षसीण बसलेली असते. तिच्यासमोर वाळूत एक नक्षी काढलेली असते आणि वाट त्या नक्षीच्या मधोमध जाते. आत्मा जवळ आला की ती राक्षसीण निम्मी नक्षी पुसून टाकते आणि म्हणते, कर पुरी! ज्याला ती पुरी करता येते तो पलीकडे जातो. ज्याला येत नाही त्याला ती गट्ट करते.

आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे चिडीचूप. मग एकाने हळूच विचारलं, "सर, पण त्याला कुणी शिकवलीच नसेल तर?" फार बिनतोड प्रश्न होता. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, त्या बेटावरच्या आजीआजोबांनाही हाच घोर असणार, म्हणून तर ते नातवंडांना वाळूत बसवून शिकवत असतील! ही गोष्ट आपल्याला कळली तीसुद्धा अशीच हातोहात. बर्नार्ड डीकन नावाचा इंग्रज तरुण अभ्यासाला मालेकुलावर गेला होता. त्याने तिथल्या लोकांपाशी बसून पुष्कळ नक्ष्या टिपून घेतल्या. परत निघायच्या बेतात असताना १९२७ मध्ये तापाने तो तिथेच वारला, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी. त्याच्या वह्या मायदेशी पोचल्या. कॅमिला वेजवुड या अभ्यासक बाईंनी त्या नीट लावल्या आणि १९३४ मध्ये त्या नक्ष्या छापून आल्या.

फ्लॅटमध्ये राहणारी मुलं म्हणतील, आमच्याकडे अंगणच नाही, आणि जिन्यात काढली तर सोसायटीचे काका ओरडतात. मग कागदावर काढा. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी या शतकाच्या सुरुवातीला 'झेनटँगल' नावाची एक पद्धत काढली आणि ती बऱ्याच देशांत पोचली. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद, एक काळं पेन, आणि त्यावर साध्या साध्या रेघांची नक्षी. खोडरबर वापरायचं नाही. रेघ वाकडी गेली तर तिच्यातूनच पुढची वाट काढायची. त्यांची पहिली पायरी कोणती आहे, सांगा पाहू? पेन टेकवण्याआधी क्षणभर थांबून आभार मानायचे. कागद मिळाला, पेन मिळालं, वेळ मिळाला, याबद्दल. आणि शेवटची पायरी म्हणजे चित्र हातभर लांब धरून शांतपणे बघायचं. मला लगेच आमच्या मावशी आठवल्या, कमरेवर हात ठेवून दोन पावलं मागे गेलेल्या. त्यांनी अमेरिकेचं हे नावही ऐकलेलं नाही.

आता तुमच्या वहीत पहिलं पान भरू या. मावशींची एक छोटी रांगोळी देतो. ती तुम्हाला द्यायची का, हे मी त्यांना विचारलं आहे. "द्या की. माझी काय कमी हुती व्हय?" असं त्या म्हणाल्या.

कोपऱ्यात लिहा, '७ ते ४'. खाली 'कुणाकडून' या ओळीत लिहा, 'खिचडीवाल्या मावशींकडून'. मधल्या ओळीत सात ठिपके द्या. वर सहा, पाच, चार. खाली तसेच सहा, पाच, चार. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७ झाले का, मोजा. आता बरोबर मधला ठिपका शोधा. त्याच्या भोवती सहा ठिपके आहेत. त्या सहांकडे मधून एकेक पाकळी काढा. त्यांच्या बाहेर बारा ठिपक्यांचं कडं आहे. ते सरळ रेघांनी जोडा, सहा बाजूंची चौकट होईल. या चौकटीच्या सहा कोपऱ्यांतून बाहेरच्या सहा टोकांकडे पुन्हा एकेक पाकळी काढा. आता काठावर प्रत्येक बाजूला दोन-दोन ठिपके उरले असतील. ते दोन, आणि चौकटीच्या त्याच बाजूचा मधला ठिपका, असे तीन जोडले की पताकेसारखा त्रिकोण होतो. असे सहा त्रिकोण काढा.

एकही ठिपका उरायला नको. उरला तर तिसरी ओळ बघा, मावशी आधी तिथेच बघतात. सगळे जुळले की उठून दोन पावलं मागे जा. मग मधल्या ठिपक्यावर हळदीची एक चिमूट ठेवा.